डेंग्यूच्या जनुकक्रमासोबत रुग्णाचे ठिकाण कोणते नोंदवावे? (निपाणी–कागल सीमाभाग) मदत हवी आहे

नमस्कार. मी निपाणीतील एका खासगी रक्ततपासणी प्रयोगशाळेत तंत्रज्ञ आहे. पावसाळा लागला की निपाणी, चिकोडी, हुक्केरी भागातील तापाचे रुग्ण एनएस१ चाचणीसाठी (रक्तातील डेंग्यू विषाणूचे प्रथिन शोधणारी चाचणी) आमच्याकडे येतात. त्यांतील काही जण पुढे कोल्हापूर किंवा गडहिंग्लजला दाखल होतात आणि मग एकाच घरातील दोन भावांची नोंद दोन वेगळ्या राज्यांत होते.

यंदा एका प्राध्यापकांच्या साहाय्याने, एथिक्स कमिटीची परवानगी आणि रुग्णांची संमती घेऊन, वीस-पंचवीस पॉझिटिव्ह नमुन्यांतील विषाणूचा संपूर्ण जनुकक्रम (त्याच्या जनुकीय अक्षरांचा क्रम) काढून घ्यावा असे ठरत आहे. चिकुनगुनियाच्या बाबतीत असे काम किती मोलाचे ठरले हे वाचल्यापासून ही गोष्ट मनात आहे. १९७३ साली बार्शीत पसरलेला विषाणू आशियाई वंशाचा होता, तर २००५-०६ मध्ये कर्नाटक आणि महाराष्ट्रात घरोघरी माणसे आखडून गेली तो आफ्रिकी वंशाचा निघाला. आणि त्याच आफ्रिकी वंशाचा विषाणू २००० साली पुणे जिल्ह्यातील यवतच्या डासांत सापडलेला होता.

माझ्या शंका दोन आहेत. नमुन्यासोबत रुग्णालयाचे गाव लिहावे की राहते गाव? आणि साथ कागलकडून निपाणीत आली की निपाणीतून तिकडे गेली, हे एवढ्या नमुन्यांवरून सांगता येईल का? एनएस१ चाचणीनंतर उरलेले सिरम (रक्तातील द्रव भाग) चालेल का, हेही कृपया सांगावे.

प्रतिसाद:

ताई, आधी दुसऱ्या शंकेविषयी लिहितो, कारण अपेक्षाभंग तिथेच होतो. डेंग्यूचा जनुकक्रम सुमारे १०,७०० अक्षरांचा असतो आणि त्यात वर्षाला साधारण सात-आठ बदल टिकून राहतात, म्हणजे दीड-दोन महिन्यांत जेमतेम एक. एका माणसाकडून डासामार्फत दुसऱ्या माणसापर्यंत विषाणू दोन-तीन आठवड्यांत पोहोचतो. त्यामुळे लागोपाठच्या रुग्णांतील जनुकक्रम पुष्कळदा तंतोतंत सारखे निघतात. चारपैकी कोणता सेरोटाइप (डेंग्यू विषाणूचा प्रकार) आहे आणि दोन्ही बाजूंना एकच वंश फिरतो आहे का, एवढे तुम्हाला खात्रीने कळू शकेल. दिशा ठरवायची तर कागल, गडहिंग्लजचेही नमुने हवेत, तेही एकाहून अधिक हंगामांतील.

ठिकाणाबाबत म्हणाल तर राहते गाव अवश्य लिहा, रुग्णालयाचे वेगळ्या रकान्यात ठेवा; पण माझ्या मते तेवढ्यावर थांबू नका. डेंग्यू पसरवणारा एडिस डास दिवसा चावतो. निपाणीचा जो कामगार रोज कागलच्या एमआयडीसीत जातो, त्याला लागण घरातल्या पिंपाजवळच झाली असे कशावरून? ताप येण्याआधीच्या दोन आठवड्यांत तो दिवसा कुठे होता, हे रक्त घेतानाच विचारावे. नंतर कोणालाही नीट आठवत नाही. तापाची पहिली तारीखही त्याच वेळी लिहून घ्या.

उरलेले सिरम चालते, मात्र ते तापाच्या पहिल्या पाच दिवसांतील असावे. त्याचे लहान लहान भाग करून उणे ८० अंशांवर ठेवावेत. तशी सोय नसेल तर थोडे दिवस उणे २० वर ठेवून लवकर पाठवावे. वारंवार वितळवले की विषाणूचा आरएनए (जनुकीय द्रव्य) तुटतो. आधी आरटी-पीसीआर (आरएनए शोधणारी चाचणी) करून सीटी मूल्य (विषाणू जितका जास्त, तितके हे कमी) तिशीच्या आत असलेले नमुनेच निवडलेत, तर खर्च वाया जाणार नाही.