मदत हवी आहे: गेम खेळताना लॅपटॉपचं यूएसबी सारखं तुटतंय

रात्रीचा_गडी
लवकर सांगा कोणीतरी. गेमिंग लॅपटॉप आहे. गेम सुरू झाला की दहा-पंधरा मिनिटांत तो 'टुंग' आवाज येतो आणि यूएसबीचं सगळं मरतं. दोन-तीन सेकंदांनी परत 'टुंग', सगळं चालू. तेवढ्यात समोरचा मला मारून मोकळा झालेला असतो. ड्रायव्हर अपडेट केले, विंडोज अपडेट केलं, रीस्टार्ट तर किती वेळा केलं याची गणतीच नाही. शनिवारी टीमची मॅच आहे. त्याआधी हे सुटायलाच हवं.

सोल्डर
सगळं म्हणजे नक्की काय काय? माऊस तारेचा की डोंगलचा, म्हणजे पोर्टात छोटा रिसीव्हर खोचून चालणारा बिनतारी? थेट पोर्टात की हबमधून, म्हणजे एका पोर्टाचे अनेक करणाऱ्या डबीतून? आणि सगळं एकदम जातं की एकेक?

रात्रीचा_गडी
तारेचा. एकदम जातं. लॅपटॉप आठ महिन्यांचा आहे, चार्जर लावूनच खेळतो.

जुनाजाणता
विंडोज नव्याने टाका. माझ्याही लॅपटॉपचं असंच व्हायचं, फॉरमॅट केल्यावर वर्षभर एकदाही झालं नाही. अपडेटवर अपडेट चढत जातात आणि जुन्या ड्रायव्हरांचा गाळ खाली साचतो. एक संध्याकाळ जाईल, पण काम कायमचं होईल.

खिडकीवाला
फॉरमॅट कशाला? आधी डिव्हाइस मॅनेजर उघडा, 'यूएसबी रूट हब'च्या प्रॉपर्टीजमध्ये जा, पॉवर मॅनेजमेंटच्या टॅबमधली 'अलाऊ द कॉम्प्युटर टु टर्न ऑफ धिस डिव्हाइस'ची खूण काढा. मग पॉवर प्लॅनमध्ये 'यूएसबी सिलेक्टिव्ह सस्पेंड' डिसेबल करा. वीज वाचवायला विंडोज पोर्ट झोपवतं. दहातल्या नऊ वेळा हेच निघतं.

सोल्डर
खूण काढायला हरकत नाही, पण मला हे पटत नाही. सिलेक्टिव्ह सस्पेंड रिकाम्या बसलेल्या उपकरणाला झोपवतं. इथे माणूस ऐन लढाईत माऊस फिरवतोय, तो रिकामा कुठे आहे? शिवाय झोपलेलं उपकरण जागं होताना असा तुटल्या-जोडल्याचा आवाज सहसा येत नाही. ते दोन 'टुंग' म्हणजे उपकरण खरोखर गायब होऊन परत आलंय. मला वीज किंवा वायर यांचा संशय आहे.

आणि जुनाजाणता, तुमचा अनुभव खोटा म्हणत नाही. पण डेटा पुसायच्या आधी लिनक्सच्या पेनड्राइव्हवरून लॅपटॉप सुरू करून बघता येतं. तिथेही तुटलं तर विंडोजचा काही दोष नाही. नाहीतर आग रामेश्वरी आणि बंब सोमेश्वरी व्हायचं.

जुनाजाणता
लिनक्सवर त्याचा गेम चालणार आहे का? गेममध्येच तुटतंय म्हणतोय तो.

डोंगलवाली
माझा माऊस अडखळायचा, कारण डोंगलच्या शेजारच्या पोर्टात यूएसबी ३ ची बाहेरची डिस्क होती. डोंगल २.४ गिगाहर्ट्झच्या रेडिओ पट्ट्यावर चालतं आणि यूएसबी ३ चा गोंगाट त्याच पट्ट्यात येतो, इंटेलने २०१२ मध्ये त्यावर पेपर काढला होता. एक्स्टेन्शन वायर लावून डोंगल लांब नेलं की थांबतं.

रात्रीचा_गडी
अहो, तारेचा आहे म्हटलं ना. खिडकीवाला, तुमचं दोन्ही केलं. आत्ताच परत तुटलं.

डोंगलवाली
वाचलं होतं मी. डोंगलवाले इतर लोकही हा धागा उघडतील, त्यांच्यासाठी लिहिलं.

थंड_डोकं
गेममध्येच होतं म्हणजे लॅपटॉप तापतोय. प्रोसेसरची उष्णता बाहेर नेणारी थर्मल पेस्ट बदला, जाळीतली धूळ काढा, मागची बाजू दोन बोटं उचलून ठेवा. माझे फ्रेम किती सुधारले म्हणून सांगू!

रात्रीचा_गडी
फ्रेमचं मी विचारलंच नाही. आणि तापत नाही, खाली कूलिंग पॅड आहे, गेम लावला की त्याचं बटण फुल्ल करतो.

सोल्डर
थांबा. त्या पॅडला वीज कुठून देता? आणि माऊस नेमका कुठे लावलाय? डिव्हाइस मॅनेजरच्या व्ह्यू मेन्यूत 'डिव्हाइसेस बाय कनेक्शन' निवडा, कोण कोणाच्या खाली लटकलंय ते झाडासारखं दिसेल.

रात्रीचा_गडी
पॅड लॅपटॉपच्या डाव्या पोर्टात. पॅडच्या मागे दोन पोर्ट आहेत, एकात त्याची स्वतःची वायर, दुसऱ्यात छोटा हब. हबमध्ये माऊस आणि दिव्यांचा कीबोर्ड. हेडसेट उजवीकडे. पण पॅड म्हणजे नुसता पंखा आहे हो, त्याचा काय संबंध?

आणि हो, हेडसेट कधी जात नाही. आत्ता लक्षात आलं.

सोल्डर
मग 'सगळं' जात नाही! डाव्या पोर्टावरचंच जातं. पॅड उलटं करून खालचं लेबल वाचा.

रात्रीचा_गडी
५ व्होल्ट, ०.८ अँपिअर.

सोल्डर
म्हणजे ८०० मिलिअँपिअर. नियमाप्रमाणे यूएसबी २ चं पोर्ट ५०० देतं, यूएसबी ३ चं ९००. त्याच वायरीवर दिव्यांचा कीबोर्ड, माऊस आणि हब. पंखा हळू असतो तोवर निभतं. गेम लावून बटण फुल्ल केलंत की व्होल्टेज बसतं आणि हब मान टाकतो, त्याच्यासोबत माऊस-कीबोर्ड दोन्ही. गेमचा संबंध एवढाच, की पंखा तुम्ही तेव्हाच वाढवता. माऊस आणि कीबोर्ड थेट लॅपटॉपला लावा, पॅडला मोबाईलच्या चार्जरवर टाका.

खिडकीवाला
फास्ट चार्जर नको हं, तो ९ व्होल्ट देतो. पंखा जळेल.

सोल्डर
नाही जळणार. फास्ट चार्जरही सुरुवात ५ व्होल्टनेच करतो. समोरच्या उपकरणाने मागितल्याशिवाय वर चढत नाही, आणि पंखा काही मागत नाही. धाकधूक वाटत असेल तर जुना साधा ५ व्होल्टचा चार्जर घ्या, पण अँपिअर १ किंवा त्याहून जास्त हवेत.

रात्रीचा_गडी
तीन तास खेळलो. पंखा पूर्ण वेळ फुल्ल, एकदाही 'टुंग' नाही. मग मुद्दाम जुनी जोडणी परत केली, बटण फिरवलं, आणि सहाव्या मिनिटाला कीबोर्डचे दिवे आधी मंद झाले, मग विझले. इतके दिवस हे डोळ्यांसमोर होत असणार, माझं लक्ष पडद्यावर. सोल्डर, खूप खूप आभार.

एक राहिलं. पॅड काढूनही डाव्या पोर्टात वायर जरा हलते. उजवीकडे घट्ट बसते.

जुनाजाणता
तरी एकदा विंडोज टाकून बघा, मॅच झाल्यावर.

सोल्डर
आधी दुसरी वायर लावून बघा. तीही हलली तर पोर्ट सैल झालंय, वॉरंटीत आहे तोवर दाखवून घ्या. शनिवारी माऊस उजवीकडे लावा.