मदत हवी आहे: गुड-वॉकर मॉन्टे कार्लोत डबल डिफ्रॅक्शन ऋण येतंय

प्रोटॉन-प्रोटॉन टकरींसाठी छोटा मॉन्टे कार्लो (यादृच्छिक नमुन्यांवर चालणारा) प्रोग्राम आहे. गुड-वॉकर चित्रात प्रोटॉन म्हणजे वेगवेगळ्या ताकदीने आदळणाऱ्या अवस्थांचं मिश्रण. दोन्ही प्रोटॉन शाबूत राहिले तर इलॅस्टिक, एकच फुटला तर सिंगल डिफ्रॅक्शन, दोन्ही फुटले तर डबल. दर घटनेत दोन्ही प्रोटॉनांची एकेक अवस्था गॅमा वितरणातून काढतो, त्यावरून ओमेगा (अपारदर्शकता), मग टकरीचा आयाम टी = १ − ई^(−ओमेगा). शेवटी आघात-अंतरावर (दोन प्रोटॉनांच्या केंद्रांमधलं आडवं अंतर) ० ते ३ फेर्मी समाकलन, त्यातून क्रॉस सेक्शन, म्हणजे टकरीची शक्यता दाखवणारं क्षेत्रफळ (१ चौरस फेर्मी = १० मिलिबार्न).

सिंगलसाठी प्रोजेक्टाइल (एका प्रोटॉनाची अवस्था) तोच ठेवून समोरच्या प्रोटॉनाच्या एन टार्गेट अवस्थांवर टी ची सरासरी काढतो, तिचा वर्ग करतो, सगळ्या प्रोजेक्टाइलांवर सरासरी घेतो आणि इलॅस्टिक वजा करतो. डबल = एकूण डिफ्रॅक्शन − २ × सिंगल.

एन ४: सिंगल ८.०, डबल −२.० मिलिबार्न
एन १०: ६.८ आणि ०.४
एन ४०: ६.२ आणि १.६

एकूण डिफ्रॅक्शन १४.० वर स्थिर. प्रोजेक्टाइल १ लाख आहेत, म्हणजे हा आकडेवारीतला गोंगाट नव्हे. पम्प्लिनची मर्यादाही (इलॅस्टिक अधिक डिफ्रॅक्शन हे एकूण क्रॉस सेक्शनच्या निम्म्याहून जास्त नाही) मोडत नाही. चुकतंय कुठे?

प्रतिसाद १
वर्गात. मोजक्या नमुन्यांच्या सरासरीचा वर्ग खऱ्या वर्गापेक्षा सरासरीने प्रसरण (व्हेरियन्स) ÷ एन इतका जास्तच येतो. प्रोजेक्टाइल कितीही वाढवा, हा फरक जात नाही. इथे ते प्रसरण म्हणजे दुसऱ्या बाजूचं सिंगल अधिक डबल. तुमच्याच आकड्यांवरून: ८.० − ६.८ = १.२, भागिले (१/४ − १/१०), म्हणजे ८. मग खरं सिंगल ८.० − ८/४ = ६.०, डबल २.०, आणि बेरीज पुन्हा ८. हिशेब जुळला.

उपाय: त्याच प्रोजेक्टाइलला, त्याच आघात-अंतरावर, टार्गेटचे दोन स्वतंत्र गट द्या आणि दोन सरासऱ्यांचा गुणाकार घ्या.

पम्प्लिनच्या मर्यादेवर विसंबू नका. टी ० ते १ मध्ये असला की टी चा वर्ग टी पेक्षा मोठा होतच नाही, त्यामुळे ती पाळली जाणारच. ही चूक तिला दिसत नाही.

प्रतिसाद २
दोन गटही नकोत. (बेरजेचा वर्ग − वर्गांची बेरीज) ÷ एन(एन−१) घ्या, सगळे नमुने कामी येतात. टार्गेट दर प्रोजेक्टाइलला नव्याने काढताय ना? त्याच चार अवस्था फिरवल्यात तर इलॅस्टिकही चुकेल.

प्रश्नकर्ता
नव्याने काढतो. सूत्र बदललं: एन २ लाही ६.० आणि २.०. आभार! आता हे सिंगल थेट एलएचसीच्या (प्रोटॉनांची टक्कर घडवणारं सर्नचं यंत्र) मोजमापाशी ताडून पाहू का?

प्रतिसाद १
थेट नको. प्रयोगातला आकडा फुटलेल्या प्रोटॉनातून निघणाऱ्या कणसमूहाच्या ठरावीक वस्तुमान-पट्ट्यातला असतो. १९६० च्या गुड-वॉकर चित्रातून फक्त एकत्रित क्रॉस सेक्शन मिळतो, वस्तुमानाचं वितरण नाही. मोठ्या वस्तुमानासाठी ट्रिपल-पोमेरॉनचा (तीन पोमेरॉन, म्हणजे टकरीत देवाणघेवाण होणारे घटक, एकत्र येतात तो) भाग वेगळा लागेल, आणि तो घालताना तीच घटना दोनदा मोजली जात नाही ना, हे बघा.