विलायतेतल्या घरावर बोजा चढवता येतो का?

मुलुंडकर:
२०१८ साली लंडनला नोकरीत असताना रूममेटला १५,००० पौंड उसने दिले. मुलुंडच्या फ्लॅटसाठी पै-पै करून साठवलेले. त्याने पगाराच्या स्लिपच्या मागे लिहून दिलं, 'डिसेंबर २०१९ अखेर परत करतो.' खाली सही, तिसऱ्या रूममेटची साक्ष. तो कागद आईने साड्यांच्या घडीत जपलाय. मार्च २०२१ मध्ये २०० पौंड आले, मग फोन बंद. आता त्याने हाउन्स्लोला घर घेतलंय. आपल्याकडे सातबाऱ्यावर बोजा चढतो, एफडीवर लियन पडतं, तसं तिथे होईल का? घर परस्पर विकून तो मोकळा झाला तर मी काय करू?

बोरिवलीची_वकील:
होईल, पण नुसत्या कागदावर नाही. आणि तिकडे 'लियन' म्हणू नका, गैरसमज होईल. बिल मिळेपर्यंत गॅरेजवाला गाडी अडवून ठेवतो, तो लियन. तुम्हाला हवी 'चार्जिंग ऑर्डर', म्हणजे घरावर बोजा चढवणारा कोर्टाचा हुकूम, तिथल्या १९७९ च्या कायद्याखालचा. आधी कौंटी कोर्टात दावा लावून निकाल घ्या. तरी पैसे आले नाहीत तर ऑर्डरसाठी अर्ज. अंतरिम ऑर्डर हातात पडली की लगेच लँड रजिस्ट्रीत नोंदवा, फायनलची वाट बघू नका.

सगळ्यात महत्त्वाची मुदत. साध्या उसनवारीला सहा वर्षं, म्हणजे तुमचा दावा डिसेंबर २०२५ लाच बुडाला असता. ते २०० पौंड तुम्हाला तारतात! मुदतीत थोडी जरी परतफेड झाली तरी सहा वर्षं तिथून नव्याने मोजतात. मार्च २०२७ च्या आत दावा लागलाच पाहिजे. त्या महिन्याचं बँक स्टेटमेंट आजच काढा, आणि पैसे याच उसनवारीचे होते हे दाखवणारा मेसेज शोधा.

हॅरोचे_काका:
घर नवरा-बायकोच्या नावावर असेल तर बोजा फक्त त्याच्या हिश्श्यावर बसतो. अशा वेळी रजिस्ट्रीत पडणाऱ्या नोंदीने विक्री अडत नाही, फक्त विक्रीची सूचना तुमच्यापर्यंत पोहोचवावी लागते. शिवाय बँकेचं गहाण आधीचं, तिचे पैसे आधी. घर विकायला लावायचं तर वेगळा अर्ज, आणि घरात लहान मूल असेल तर कोर्ट त्याचाही विचार करतं. रजिस्ट्रीचा उतारा काही पौंडांत ऑनलाइन मिळतो. तो बघून मगच खर्चात पडा.

मुलुंडकर:
उतारा आत्ताच काढला. नावं दोघांची, वर बँकेचं गहाण. तरी दावा लावतोय. स्टेटमेंटही सापडलं. तिसरा रूममेट पुण्यात असतो, त्याला आज रात्रीच फोन करतो.