मदत हवी आहे: क्रॉनमधल्या कमांडचं आउटपुट सिस्टम लॉगमध्ये जात नाही (डेबियन 12)

भुसार_पेठ
रात्री 9:40

नमस्कार मंडळी. सांगलीत गणपती पेठेत मामांचं भुसार मालाचं घाऊक दुकान आहे. तिथलं बिलिंग, रोजमेळ, खतावणी सगळं मी बघतो. संगणकशास्त्र वगैरे शिकलेलो नाही, बी.कॉम. आहे, त्यामुळे जरा सोपं करून सांगा. मोबाइलवर मराठी कीबोर्ड आहे, म्हणून कमांड उच्चाराप्रमाणे लिहितोय. मशीनवर अर्थातच इंग्रजीत आहेत.

2019 च्या ऑगस्टात पुराचं पाणी दुकानात शिरलं. आयर्विन पुलाजवळ धोका पातळी 45 फुटांची, त्या वर्षी पाणी 57 च्या वर गेलं होतं. संगणक गेला, आणि त्यावरची उधारीची खातीही गेली. तेव्हापासून रोज रात्री दीडला सगळ्या हिशेबाच्या फोल्डरची झिप होते आणि दोन वाजता ती विट्याला आत्याच्या घरच्या मशीनवर जाते. विट्यात कृष्णा काय येत नाही. ठरल्या वेळी कमांड चालवणारा क्रॉन आहे ना, त्यातली ओळ अशी होती:

0 2 * * * आरसिंक -एव्ही --प्रोग्रेस /साठा/झिप/ विटा:/राखण/ && फाइंड /साठा/झिप -नेम '*.झिप' -एमटाइम +15 -डिलीट

म्हणजे आरसिंकने पाठवून झालं की फाइंडने इथल्या जुन्या झिपा काढून टाकायच्या. इतकी वर्षं बिनबोभाट चाललं. परवा डिस्क 98 टक्के भरली (120 जीबीची एसएसडी, एक झिप अडीच जीबीची, बिलांचे स्कॅन असतात त्यात). बघायला गेलो तर विट्याला गेले 22 दिवस एकही झिप पोचलेली नाही. का, ते कुठेच लिहिलेलं नाही. हाताने -एन लावून कोरडी फेरी मारली (काही न पाठवता नुसती यादी) तर यादी व्यवस्थित येते. खरं पाठवून बघितलं नाही, कारण 55 जीबी दिवसा सोडलं तर बिलिंगचं नेट बसेल आणि मामा मला.

म्हणून काल आउटपुट सिस्टम लॉगमध्ये पाठवायचं ठरवलं. आरसिंकच्या पुढे | लॉगर -टी विटा एवढं घातलं (लॉगर म्हणजे मिळेल ते लॉगमध्ये लिहिणारी कमांड), बाकी ओळ तीच. आज सकाळी लॉग वाचायला जर्नलसीटीएल -टी विटा दिलं तर एकही ओळ नाही. क्रॉनच्या नावाने फक्त एवढंच दिसतं: नो एमटीए इन्स्टॉल्ड, डिसकार्डिंग आउटपुट. व्हार-लॉगमध्ये सिसलॉग नावाची फाइल सांगतात, ती तर माझ्याकडे नाहीच.

एक मात्र बरं झालं. लॉगर घातल्यापासून डिस्क आपोआप 52 टक्क्यांवर आली. पण लॉग का रिकामा?


मिरज_जंक्शन
रात्री 10:05

लॉग रिकामा असण्याचं कारण सोपं आहे. प्रोग्रॅमला बोलायला दोन तोंडं असतात. साधं आउटपुट 1 नंबरने बाहेर पडतं, तक्रारी 2 नंबरने. पाइप, म्हणजे ती | खूण, फक्त 1 नंबर पकडतो. तुमचं आरसिंक बहुतेक पहिल्याच पायरीला अडकतंय, म्हणजे 1 वर बोलायला त्याच्याकडे काही नाहीच, सगळं रडणं 2 वर. ते लॉगरपर्यंत न जाता क्रॉनच्या हाती पडलं. क्रॉन अशा उरलेल्या मजकुराची मेल करून पाठवतो, पण मेल पाठवणारा प्रोग्रॅम मशीनवर नाही म्हणून त्याने तो फेकून दिला. 'डिसकार्डिंग आउटपुट' ते हेच.

पाइपच्या आधी 2>&1 लिहा, तक्रारीही लॉगमध्ये दिसतील.

आणि ती सिसलॉग फाइल शोधत बसू नका. डेबियन 12 पासून, म्हणजे 2023 पासून, ती फाइल लिहिणारा आरसिसलॉग आपोआप बसत नाही. लॉगर जे लिहितो ते जर्नल नावाच्या सिस्टम लॉगमध्ये जातं. तुम्ही बघत होता ती जागा बरोबरच आहे.


जुनं_खोड
रात्री 10:12

भुसारवाले, थांबा. आधी क्रॉनमधली ती ओळ बंद करा, पुढे # टाका, मग पुढचं वाचा.

डिस्क आपोआप मोकळी झाली हे वाचून माझ्या पोटात गोळा आला. && चा अर्थ 'आधीची कमांड यशस्वी झाली तरच पुढची चालव'. पूर्वी आधीची कमांड आरसिंक होती. ती 22 दिवस नापास होत होती, म्हणून फाइंड चालत नव्हतं, म्हणून झिपा साठल्या आणि डिस्क भरली. ती डिस्क भरणं हीच तुमची राखण होती. काल तुम्ही मध्ये पाइप घातला. पाइपचा निकाल म्हणजे त्यातल्या शेवटच्या कमांडचा निकाल, आणि शेवटी आहे लॉगर. लॉगरला रिकामं ताट दिलं तरी तो ढेकर देऊन शून्य परत करतो. आरसिंक नापास, लॉगर पास, आणि फाइंडने झाडू फिरवला.

किती झिपा उरल्यात आणि सगळ्यात जुनी कधीची, तेवढं मोजा.


भुसार_पेठ
रात्री 10:50

काका, ओळ बंद केली. स्कूटरवर दुकानात आलो, शटर अर्धं उघडून बसलोय.

उरल्या 16. काल मी फोटो काढून ठेवला होता त्यात 37 होत्या, रात्रीची एक धरून 38. म्हणजे 22 उडाल्या. त्यातल्या 16 विट्याला आधीच पोचलेल्या आहेत, आतेभावाला फोनवर तारखा वाचायला लावल्या. मधल्या 6 ना इथे ना तिथे.


जुनं_खोड
रात्री 10:58

प्रत्येक झिप अख्ख्या फोल्डरची असते की फक्त त्या दिवसाची?


भुसार_पेठ
रात्री 11:01

अख्ख्या फोल्डरची.


जुनं_खोड
रात्री 11:03

मग निवांत घरी जा. कालच्या झिपेत त्या सहा दिवसांचा हिशेबही आहे. गेलं ते एवढंच की त्या सहा रात्री खातं कसं दिसत होतं, ते आता परत बघता येणार नाही. रोजची वेगळी झिप करत असता तर आज उधारीवाल्यांच्या दारात वही घेऊन बसला असता.


वारणाकाठ
सकाळी 7:30

एवढा द्राविडी प्राणायाम कशाला? सरळ >> लावून एका फाइलमध्ये लिहा आणि ती वाचा. निकाल आरसिंकचाच राहतो, पाइप नाही, भानगड नाही.


मिरज_जंक्शन
सकाळी 8:15

वारणाकाठ, चालतं की. निकालाचं कोडं त्यात येतच नाही हे खरं. पण त्या फाइलवर वेळ कोण घालणार, ती वाढत गेली की कोण छाटणार? जर्नलमध्ये प्रत्येक ओळीला वेळ मिळते, आणि रात्री दोनला नेट पडलं होतं का, मशीन मध्येच बंद पडलं होतं का, हे त्याच यादीत शेजारी दिसतं. अशा दुखण्यात हे 'शेजारी दिसणं' लाखमोलाचं.

भुसारवाले, तुम्हाला सेट -ओ पाइपफेल लागेल. ते लावलं की पाइपमधलं कुणीही नापास झालं तर सगळा पाइप नापास धरतात.


भुसार_पेठ
दुपारी 1:20

जेवायच्या सुट्टीत करून बघितलं. क्रॉनच्या ओळीत आधी सेट -ओ पाइपफेल लिहिलं, 2>&1 घातलं, फाइंड काढूनच टाकलं (आता धीर नाही), वेळ पाच मिनिटांनंतरची दिली. विट्याच्या नावाने लॉगमध्ये परत शून्य, आणि क्रॉनचं तेच पालुपद, नो एमटीए. डोकं फिरायची वेळ आलीय राव.


मिरज_जंक्शन
दुपारी 1:45

चूक माझी, सांगायचं राहिलं. टाइप केलेल्या कमांड वाचून चालवणारा प्रोग्रॅम म्हणजे शेल. क्रॉन आपल्या ओळी बॅश या शेलमध्ये नाही, एसएचमध्ये चालवतो, आणि डेबियनवर एसएच म्हणजे डॅश. तुमच्या डॅशला पाइपफेल माहीत नाही. तो 'इलिगल ऑप्शन' म्हणून तिथेच थांबला, आरसिंकपर्यंत गाडी गेलीच नाही. आणि ती तक्रार सेटची, पाइपच्या बाहेरची, म्हणून तीही क्रॉनने फेकली. सगळं एका छोट्या स्क्रिप्टमध्ये टाका, पहिल्या ओळीत बॅश लिहा, आणि क्रॉनमध्ये फक्त त्या स्क्रिप्टचं नाव द्या.


जुनं_खोड
दुपारी 2:30

स्क्रिप्ट करा, पण पाइपच टाळता आला तर बघा. तुमच्याकडे सिस्टमडी आहे (मशीनवरच्या सेवा आणि ते जर्नल सांभाळणारा), त्याच्याबरोबर सिस्टमडी-कॅट नावाची कमांड येते. ती लॉगरसारखी मागे उभी राहत नाही, पुढे उभी राहते:

सिस्टमडी-कॅट -टी विटा --एसटीडीईआरआर-प्रायॉरिटी=ईआरआर आरसिंक -एव्ही /साठा/झिप/ विटा:/राखण/ && फाइंड ...

ती आरसिंकची दोन्ही तोंडं जर्नलला जोडून देते आणि स्वतःची जागा आरसिंकला सोडते. मध्ये पाइप नाही, म्हणून && ला आरसिंकचाच खरा निकाल दिसतो. डॅश असो की बॅश, फरक पडत नाही. 2>&1 पण नको. त्या लांबलचक पर्यायामुळे तक्रारींवर 'चूक' असा शिक्का बसतो, मग जर्नलसीटीएल -टी विटा -पी ईआरआर दिलं की नुसत्या तक्रारी दिसतात.

हे शिक्के जुने आहेत. सिसलॉग 1980 च्या दशकात एरिक ऑलमन यांनी बर्कलीत सेंडमेल या मेलच्या प्रोग्रॅमसाठी लिहिला. 0 म्हणजे सगळ्यात गंभीर आणि 7 म्हणजे बारीकसारीक, ही उतरंड तेव्हापासूनची. ईआरआर 3 वर. आमच्या उमेदीत हे सगळं एका प्रिंटरवर छापून यायचं आणि रात्रपाळीचा माणूस कागद फाडून वाचायचा. असो.

फाइंडसाठी एक: +15 म्हणजे 15 दिवस नव्हे, पूर्ण 16 दिवस झालेल्या फाइल. तुमच्या 16 उरल्या त्या यामुळेच.


भुसार_पेठ
दुसऱ्या दिवशी, सकाळी 9:10

काका, पकडला चोर. काल रात्री दोनला लॉगमध्ये हे आलं (फाइंड अजून बंदच):

02:00:03 विटा: परमिशन डिनाइड, पब्लिककी
02:00:03 विटा: आरसिंक एरर, कोड 255

आतेभावाला विचारलं. झिपा पोचायच्या थांबल्या बरोबर त्याच दिवशी तो दुकानात आला होता, 'तुझी चावी असुरक्षित आहे' म्हणत एसएसएचची (ज्यातून विट्याच्या मशीनला जोडतो त्याची) नवी चावी करून दिली, पासवर्ड घालून. मी सकाळी लॉगिन करताना तो पासवर्ड एकदा देतो, म्हणून दिवसभर हाताने चालतं. रात्री दोनला क्रॉनला पासवर्ड कोण सांगणार?

दुसरी शंका. हाताने एकच झिप पाठवून बघितली --प्रोग्रेस ठेवून, तर जर्नलमध्ये नावाखाली 'ब्लॉब डेटा' असं काहीतरी येतं.


मिरज_जंक्शन
सकाळी 9:40

टक्केवारी दाखवताना आरसिंक ओळ न बदलता त्याच ओळीच्या सुरुवातीला परत जातं आणि वर गिरवतं. पडद्यावर छान दिसतं. जर्नलला मात्र ती शंभर वेळा गिरवलेली एकच ओळ मिळते, तिला तो वाचण्याजोगा मजकूर मानत नाही. रात्री दोनला टक्केवारी बघायला कोण बसलंय? --प्रोग्रेस काढा.

चावीसाठी: क्रॉनपुरती वेगळी चावी करा, बिनपासवर्डची. आतेभावाचं म्हणणंही चूक नाही, म्हणून विट्याच्या मशीनवर त्या चावीला बांधून ठेवा. आरसिंकबरोबर आरआरसिंक नावाची स्क्रिप्ट येते, ऑथराइज्ड-कीजमध्ये (कुठल्या चाव्या चालतील त्या यादीत) त्या चावीच्या आधी ती लिहिली की चावी फक्त राखण या फोल्डरपुरतीच चालते. मग आरसिंकच्या ओळीत पत्ता विटा:/राखण/ ऐवजी नुसता विटा:/ असा लिहा, कारण आरआरसिंक त्या फोल्डरलाच मूळ धरतं.

आणि क्रॉनच्या ओळीत कधी तारीख घालायचा मोह झाला तर % च्या आधी \ लावा. क्रॉन % ला नवी ओळ समजतो आणि पुढचं सगळं तोडून टाकतो. मी एकदा त्यात आठवडा घालवलाय.


भुसार_पेठ
चार दिवसांनी, रात्री 8:15

नवी चावी झाली, पहिल्या दोन रात्री साठलेल्या झिपा गेल्या. लॉगमध्ये फाइलींची नावं ओळीने दिसतात.

फाइंड परत लावायच्या आधी काल मुद्दाम राउटरची वायर काढून ठेवली आणि फाइंडऐवजी नुसतं 'जुन्या काढल्या असत्या' एवढं लॉगर लिहील असं केलं. सकाळी -पी ईआरआरमध्ये 255 ची ओळ होती आणि 'काढल्या असत्या' नव्हतं. आज फाइंड चालू करतोय. सकाळी दुकान उघडलं की उदबत्तीच्या आधी -पी ईआरआर बघायचं ठरवलंय. मामांना तो काळा पडदा दाखवला तर म्हणाले, ह्यात कुणाची किती बाकी ते कुठं दिसतं?

शीर्षकात 'सुटलं' लिहितो. जुनं_खोड काका, मार्केट यार्डाकडे आलात तर चहाला पेठेत या.


वारणाकाठ
रात्री 8:40

आणि मी फाइल सुचवली होती, मला चहा नाही का?


भुसार_पेठ
रात्री 8:42

तुम्हाला कटिंग.