गोव्याच्या ७०.३ साठी कार्बन शूज? माझं मत: पहिल्यांदा करणाऱ्याने घेऊ नयेत

उशिरा_पोहायला_शिकलेला (धागाकर्ता)
आमच्या ग्रुपमधले पाच जण यंदा पहिल्यांदाच गोव्याची ७०.३, म्हणजे अर्ध-आयर्नमॅन ट्रायथलॉन, करणार आहेत. १.९ किमी पोहणं, ९० किमी सायकल आणि त्यावर २१.१ किमी पळणं. पाचातल्या चौघांनी वीस-वीस हजार मोजून कार्बन प्लेटचे (तळात कार्बनची कडक पट्टी असलेले) शूज मागवलेत. मला हे पटत नाही.

या शूजचा बोलबाला झाला तो २०१७ मधल्या कोलोरॅडो विद्यापीठाच्या चाचणीमुळे. नायकीच्या नमुना-शूजमध्ये धावकांची ऊर्जा सरासरी ४ टक्के कमी खर्च झाली. पण ते तगडे धावक होते आणि ताशी १४, १६, १८ किमी वेगाने पळत होते. आपण सायकलवरून उतरून सातच्या पेसने (किलोमीटरला सात मिनिटं) पळणार, म्हणजे ताशी साडेआठ किमी. तो आकडा आपल्याला कसा लागू होईल?

त्याहून मोठा प्रश्न पाण्याचा. गोव्याच्या दमट उन्हात प्रत्येक पाण्याच्या स्टेशनवर आपण डोक्यावर पाणी ओतून घेतो. ते पाठीवरून ओघळत थेट शूजमध्ये उतरतं. माझ्या पहिल्या शर्यतीत आठव्या किलोमीटरला शूज पचक पचक वाजायला लागले. इनसोल (आतला पातळ सुटा तळ) चिकटवलेला नव्हता. भिजून तो पुढे सरकला आणि बोटांखाली त्याची घडी झाली. थांबून सरळ केला, तीन किमीत पुन्हा तेच. शेवटी मोजा काढला तर अंगठ्याखालची कातडी पांढरी पडून सुरकुतलेली आणि मधोमध टरारलेला फोड. ऐपत नसेल तर कार्बनचा विचारही करू नका, पण ऐपत असली तरी आधी शूज बादलीत बुडवा, घाला आणि पाच किमी पळून या.

घाटवेडी
बादलीचं मान्य. बाकी नाही. पाणी धरून ठेवतात ते जाड गादीचे, रोजच्या सरावाचे शूज. रेसिंग शूजची जाळी पातळ असते, ते लवकर निथळतात. तुमचा त्रास सैल इनसोलमुळे झाला, त्याचं खापर कार्बनवर कशाला?

वेगाचं म्हणाल तर मीही हळूच पळते, सायकलनंतरचे २१ किमी मला अडीच तास लागतात. चार टक्के सोडा, एक टक्का मिळाला तरी दीड मिनिट झालं. पण मला मिनिटांपेक्षा पोटऱ्यांची काळजी असते. ९० किमीनंतर त्या दगड झालेल्या असतात. उसळणाऱ्या फोममुळे शेवटच्या पाच किमीत मी चालत नाही, पळते. आधीच्या शूजमध्ये हे जमत नव्हतं.

उशिरा_पोहायला_शिकलेला
जाळीचं बरोबर आहे, तो मुद्दा मी सोडतो. पण तुम्ही सांगताय तो गुण फोमचा आहे, प्लेटचा नव्हे. तसाच फोम प्लेटशिवायही मिळतो, आणि स्वस्तात. उंच, अरुंद तळाच्या शूजमध्ये दमलेला घोटा यू-टर्नला कसा डगमगतो ते मी पाहिलंय. पहिल्यांदा करणाऱ्याला तो धोका का द्यायचा?

बिनमोज्याचा
तुमच्या वादात लेस राहून गेली. इलॅस्टिक लेस लावा, टाचेमागे ओढायला मोठी पट्टी असलेला शूज घ्या, आत टाल्कम पावडर भुरभुरा, टाचेच्या शिवणीवर व्हॅसलिन. मोजे नकोतच. सायकलवरून उतरून शूज चढवताना अर्धं मिनिट वाचतं.

घाटवेडी
दादा, १० किमी पळायचं असेल तर जरूर. २१ किमीला अर्धं मिनिट वाचवून पुढे फोडांपायी दहा मिनिटं घालवणार का? पाय पुसा, मोजे घाला. आणि इलॅस्टिक लेसचा ताण लांब ब्रिकनंतर (सायकल आणि लगेच पळणं असा सराव), सुजलेल्या पायावर ठरवा. घरी कोरड्या पायावर ठरवलात तर एक तर पाय आवळतो, नाही तर उतारावर पुढे सरकून नख काळं पडतं. उन्हात पाय सुजतो, म्हणून मी अर्धा नंबर मोठाच घेते.

नियमपुस्तक
एक सांगतो. वर्ल्ड अॅथलेटिक्स या जागतिक संघटनेने रस्त्यावरच्या शर्यतींसाठी तळाच्या जाडीची मर्यादा ४० मिमी ठेवली आहे. २०२१ च्या व्हिएन्ना मॅरेथॉनमध्ये इथिओपियाचा देरारा हुरिसा पहिला आला, पण शूजचा तळ ५० मिमी निघाला, म्हणून त्याला बाद केलं आणि केनियाचा लिओनार्ड लँगट विजेता ठरला. दुकानात आज सरावासाठी याहून जाड शूज सर्रास मिळतात. मागवण्याआधी आपल्या शर्यतीचा नियम वाचा.

उशिरा_पोहायला_शिकलेला
हे माहीत नव्हतं. चौघांना लगेच कळवतो.

घाटवेडी, प्लेटबद्दल माझं मत बदललेलं नाही. पण त्या चौघांचे शूज येऊन पडलेत, तर रविवारी सिंहगडाच्या पायथ्यापर्यंत सायकल, तिथून लगेच दहा किमी पळणं असं ठरवतोय. पाच किमी जुन्या शूजमध्ये, पाच नव्या, दोन्ही जोड आधी भिजवून. तुम्ही येत असाल तर तुमचाही जोड आणा. बादली माझ्या गाडीत आहे.