पोर्सिलेनचा कृत्रिम पुढचा दात भाजल्यावर सपाट दिसतो, त्याबद्दल
भट्टीतून निघालेला पुढचा दात निर्जीव दिसतो, या आपल्या प्रश्नावर लातूरच्या माझ्या, कृत्रिम दात बनवण्याच्या लॅबमधील अनुभव मांडतो. दोष बहुधा वरच्या इनॅमलच्या, म्हणजे पारदर्शक पोर्सिलेनच्या, थरात नसून खालच्या डेंटिनमध्ये, म्हणजे दाताला मूळ रंग देणाऱ्या पोर्सिलेनच्या थरात असतो. डेंटिनने आधी दाताचा पूर्ण आकार उभा करावा, मग धारेकडचा भाग कापून मागे घ्यावा आणि तेथे तीन असमान उंचवटे, म्हणजे मॅमेलॉन, ठेवून त्यांच्यामधल्या खोलगट जागेत पारदर्शक पावडर भरावी. उंचवटे एकसारखे झाले, की दात खोटा वाटतो. भाजताना पोर्सिलेनचे घनफळ सुमारे ३० टक्के, कधी त्याहूनही अधिक आटते, म्हणून आकार मोठाच ठेवावा लागतो. आमच्याकडच्या कोरड्या उन्हाळ्यात पावडर आणि पाण्याचे मिश्रण ब्रशवरच सुकते आणि थरांत हवा अडकते. त्यामुळे डिस्टिल्ड पाण्याचा ओलावा सतत राखणे मला रंगाच्या निवडीपेक्षाही महत्त्वाचे वाटते.