किनमन १९५८ : एवढा तोफमारा होऊनही बेट पडलं कसं नाही?

दूरबीण

२३ ऑगस्ट १९५८ ला संध्याकाळी साडेपाचला चीनच्या मुख्य भूमीवरच्या शियामेनच्या बाजूनं, तैवानच्या ताब्यातल्या किनमन बेटावर (जुन्या नकाशांत क्वेमॉय) तोफा सुरू झाल्या. पुढच्या ४४ दिवसांत पावणेपाच लाखांच्या आसपास गोळे पडले. बेट जेमतेम दीडशे चौरस किमीचं, समोरचा किनारा दहा किमीच्या आत, तैवान मात्र सुमारे २०० किमी लांब.

तीनच वर्षं आधी, फेब्रुवारी १९५५ मध्ये, तैवानमधल्या च्यांग कै-शेकच्या सरकारनं चीनच्या किनाऱ्याजवळची दाचन बेटं रिकामी केली होती. मग किनमन का टिकलं? 'अमेरिकन आरमार पाठीशी होतं' एवढ्यानं समाधान होत नाही, कारण दाचनच्या वेळीही सातवा ताफा तिथेच होता. रसद, विमानं, तोफा, यांतल्या कशानं फरक पडला? जाणकारांनी जरा सविस्तर लिहावं.

उधाण

गोळ्यांच्या आकड्यावर जाऊ नका. तुमचा प्रश्न सुटतो तो शेवटच्या पाच-सहा किलोमीटर पाण्यात.

किनमनला तेव्हा मोठी जहाजं लावण्याजोगा धक्का नव्हता. माल दक्षिणेकडच्या ल्याओल्वो उपसागरात, उघड्या पुळणीवर उतरायचा. तो यायचा एलएसटीतून, म्हणजे नाक वाळूत टेकवून पुढचं दार उघडणाऱ्या जहाजातून. जहाज चढत्या भरतीला लावायचं, टेकण्याआधी मागचा नांगर पाण्यात सोडायचा आणि निघताना त्याच नांगराच्या तारेवर ताण देऊन मागे सरकायचं. तिथे उधाणाला पाण्याच्या पातळीत पाच-सहा मीटरचा फरक पडतो. भरतीच्या टोकाला टेकलात तर ओहोटीत जहाज कोरडं पडतं आणि पुढची भरती येईपर्यंत सुमारे बारा तास हलत नाही. तोफांच्या पल्ल्यात बारा तास उभं राहिलेलं जहाज गेलंच म्हणून समजा.

२४ ऑगस्टला चिनी टॉर्पेडो बोटींनी च्यांगचं 'थायशंग' हे जहाज बुडवलं आणि 'चुंगहाय' जखमी केलं. ७ सप्टेंबरला अमेरिकन युद्धनौकांच्या सोबतीनं पहिला काफिला पोचला. पण ही सोबत बेटापासून तीन सागरी मैलांवर, म्हणजे साडेपाच किमीवर, थांबायची. चीननं ४ सप्टेंबरला बारा मैलांची सागरी हद्द जाहीर केली होती, ती अमेरिका मानत नव्हती. तीन मैलांची मात्र पाळत होती. माओचा हुकूमही तसाच होता, फक्त च्यांगच्या जहाजांवर मारा करायचा, अमेरिकन जहाजांवर नाही. ८ तारखेला दारूगोळा उतरवत असलेलं 'मेइले' पुळणीवरच उडालं. माल उतरवायला लागणारा वेळ हाच खरा शत्रू आहे, हे त्या दिवशी लख्ख झालं.

यातून निघालेला तोडगा असा. एलएसटी किनाऱ्याला लावायचंच नाही. तैवानजवळच्या पंगहू बेटांवरच तिच्या पोटात १५-२० एलव्हीटी माल भरून ठेवायच्या. एलव्हीटी म्हणजे पाण्यात पोहणारी आणि जमिनीवर रणगाड्यासारखी पट्ट्यांवर चालणारी गाडी. जहाजानं लांब थांबून दार उघडायचं, गाड्या पाण्यात सोडायच्या आणि वळायचं. गाड्या पुळणीवर न थांबता सरळ आतल्या कोठारापर्यंत जातात. एका गाडीत साधारण साडेतीन टन, म्हणजे खेपेला साठेक टन. टेकलेली एलएसटी याच्या कितीतरी पट माल उतरवू शकते, पण ती परत जाईल याची खात्री नसते. माल भरतानाच तो कुठल्या कोठारात जाणार ते ठरवून गाडी भरावी लागते. दारूगोळा, तांदूळ आणि औषधं एकाच गाडीत कोंबली की बेटावर निवडानिवडीत वेळ जातो आणि तेवढ्यात तोफा नेम धरतात.

सी-४६ विमानांतून छत्र्यांनी मालही टाकला गेला. बेट अरुंद आणि वारा जोराचा असला की काही भाग समुद्रात जायचाच. टंचाईत आधार म्हणून ते ठीक, पण नव्वद हजारांच्या घरातल्या फौजेचं पोट त्यावर भरत नाही.

तोपची

उधाण यांच्याशी सहमत. तोफांबद्दल थोडी भर घालतो.

पहिल्या माऱ्याचा घाव वर्मी बसला. चाओ च्या-श्यांग, ची शिंग-वन आणि चांग च्ये हे तिन्ही उपसेनापती गेले, संरक्षणमंत्री यू दा-वेइ जखमी झाले. सेनापती हू ल्येन वाचले. यातले ची शिंग-वन म्हणजे १९३७ मध्ये मार्को पोलो पुलाजवळ जपान्यांशी लढलेल्या रेजिमेंटचे प्रमुख.

अशा माऱ्यात आधी तुटतात त्या टेलिफोनच्या तारा. तार तुटली की निरीक्षकानं पाहिलेली शत्रूची तोफ आपल्या तोफेपर्यंत पोचत नाही आणि उत्तराचा मारा आंधळा होतो. म्हणून तारा जमिनीत खोल गाडायच्या आणि एकाच ठाण्याला दोन वेगळ्या वाटांनी न्यायच्या.

दुसरी अडचण गोळ्याच्या वजनाची. १५५ मिमीचा गोळा सुमारे ४३ किलोचा. डोंगराच्या पोटात बसवलेल्या तोफेला तो नुसता ओरखडतो. सप्टेंबरच्या उत्तरार्धात अमेरिकेनं २०३ मिमीच्या हॉवित्झर दिल्या. गोळा ९० किलोचा, पल्ला जवळपास १७ किमी. संख्या थोडी होती, पण समोरच्या पक्क्या मोर्च्यांना पहिल्यांदा खरा धोका निर्माण झाला.

गगनवेध

दाचनचं उत्तर विमानांत आहे. दाचन चच्यांग प्रांतासमोर, तैवानच्या उत्तर टोकापासून साडेतीनशे किमीहून जास्त लांब. तिथे पोचेपर्यंत तैवानच्या लढाऊ विमानांचं इंधन निम्म्यावर यायचं, समोरची विमानं मात्र घरच्या अंगणात. १८ जानेवारी १९५५ ला कम्युनिस्ट सेनापती चांग आय-पिंगच्या फौजेनं शेजारचं यिच्यांगशान बेट विमानं, जहाजं आणि पायदळ एकत्र वापरून घेतलं. त्यानंतर दाचन थेट तोफांच्या टप्प्यात आलं. वर हवाई छत्र नसेल तर तिथे रसद पोचवणं अशक्यच होतं.

किनमनवर मात्र तैवानची सेबर विमानं लढू शकत होती. चीनचं मिग-१७ त्यांच्यापेक्षा उंच जायचं आणि वरून झडप घालून निसटायचं. सेबरच्या सहा १२.७ मिमी मशीनगन काही शे मीटरपर्यंतच उपयोगी. २४ सप्टेंबरला सेबरवरून साइडवाइंडर क्षेपणास्त्रं डागली गेली. प्रत्यक्ष हवाई लढाईतला मार्गदर्शित क्षेपणास्त्राचा तो पहिला यशस्वी वापर. त्या पहिल्या पिढीला मर्यादा खूप होत्या. उष्णता शोधणारा शोधक थंड न केलेला, त्यामुळे त्याला फक्त इंजिनाचं तापलेलं शेपूट दिसायचं. मागूनच डागायचं, फार जवळून नाही, आणि डागताना आपलं विमान जोरात वळत असता कामा नये. सूर्य किंवा उन्हानं चकाकणारा ढग समोर आला की नेम भरकटायचा. मिगवाल्यांना खालून मागून काही येईल याची कल्पनाच नव्हती, म्हणून ते चाललं.

न फुटलेलं एक साइडवाइंडर चीनच्या हाती लागलं आणि तिथून सोव्हिएत संघाकडे गेलं. त्यावरून बेतलेलं के-१३ पुढे आपल्या हवाई दलाच्या मिग-२१ वर आलं.

दूरबीण

फारच उपयुक्त, मनापासून आभार. एक राहिलं. रसद इतकी कठीण झाली होती, तर समोरून सैन्य उतरवलं का नाही?

उधाण

एक कारण १९४९ चं. २५ ऑक्टोबरच्या पहाटे किनमनवरच्याच कुनिंगथौला कम्युनिस्ट फौज मासेमारीच्या लाकडी होड्यांतून उतरली, दोन-तीन दिवसांत मिळून नऊ हजारांच्या आसपास माणसं. अमावास्या होऊन चारच दिवस झालेले, म्हणजे उधाण. भरतीला होड्या वर चढल्या, ओहोटीला वाळूत रुतल्या आणि तिथेच जाळल्या गेल्या. त्याच होड्यांतून दुसरी तुकडी येणार होती, ती आलीच नाही. उतरलेल्यांसमोर एम-५ रणगाडे होते. तीन दिवसांत सगळे मारले तरी गेले किंवा पकडले गेले.

दुसरं कारण राजकीय, आणि माझ्या मते १९५८ मध्ये तेच जास्त वजनाचं. बेटं च्यांगनं सोडावीत असं अमेरिकेत अनेकांना वाटत होतं. तसं झालं असतं तर तैवान आणि मुख्य भूमी यांच्यातला शेवटचा दुवा तुटला असता, आणि माओला ते नको होतं. ६ ऑक्टोबरला संरक्षणमंत्री पेंग द-ह्वाई यांच्या नावानं निवेदन निघालं आणि मारा आधी आठवडाभरासाठी थांबला, मग ती मुदत वाढवली गेली. २० तारखेला, अमेरिकन परराष्ट्रमंत्री डलेस तैवानला निघालेले असताना, तो पुन्हा सुरू झाला. २५ तारखेला सम तारखांना विमानतळ, पुळण आणि जहाजांवर मारा न करण्याची घोषणा झाली. एकीकडे तोफा आणि दुसरीकडे रसदीला मोकळा दिवस, हे बेट घेण्याचं नव्हे, ते च्यांगच्याच हाती ठेवण्याचं धोरण होतं.

तोपची

विषम तारखांचा मारा १ जानेवारी १९७९ पर्यंत चालला. मधे जून १९६० मध्ये आयझेनहॉवर तैवानला आले तेव्हा तो पुन्हा प्रचंड वाढला होता. एरवी पुढे बरेचसे गोळे प्रचारपत्रकांचे. पत्रकं हवेत बाहेर पडायची आणि पोलादी कवच फारसे तुकडे न होता खाली यायचं. किनमनचे लोहार आजही त्या कवचांपासून सुऱ्या बनवतात.

आणि माल उतरवण्याचा धडा तैवानच्या फौजेनं नीट घेतला. १९६१ ते १९६६ मध्ये किनमनवर ग्रॅनाइट फोडून चाइशानचा ३५७ मीटरचा जलमार्ग खोदला, ४२ छोट्या बोटी आत घेता येतील असा. माल उतरवायचा तो डोंगराच्या पोटात.